आईच्या गाण्याखालची अक्षरं

मंडळी, आई गेल्यापासून गुजरातेतल्या लिंबायतच्या आमच्या घरी कानबाई देवीपुढे तिचं अहिराणी गाणं कुणी म्हटलं नाही.

आमच्या अहिराणी मंडळाच्या जुन्या डीव्हीडीत ते आईच्याच आवाजात आहे, खाली गुजराती सबटायटलसह. आज गुजराती सुनेसाठी तेवढं गाणं कॉम्प्युटरवर कापून वेगळं काढलं, तर अक्षरंच गायब!

मुलगा हसला, "पप्पा, तुम्ही लूमच सांभाळा."

पण लूमचंच डोकं कामी आलं. सबटायटल चित्रात विणलेलं नसतं. तो वेगळा धागा असतो, कापताना तोही निवडावा लागतो. दुसऱ्यांदा निवडला आणि अक्षरं आली.

सून वाचत वाचत आईसोबत गुणगुणू लागली. म्हणाली, "पप्पा, यंदा कानबाईपुढे हे हुं गाईश," म्हणजे मी गाईन.

मी देव्हाऱ्याला हात जोडले. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? तुमच्या घरात कुणाचा आवाज असा डीव्हीडीत पडून आहे?