पेटीत काळी दोन

पहिल्यांदा खटकला तो फॉर्मवरचा एक शब्द, लाल पेन्सिलीनं गोल केलेला: "बाई". सौंसरच्या आमच्या महिला गायन मंडळाचे किस्से असेच साठत जातात. एकाचा उलगडा होतो न होतो तोच दुसरा दारात उभा. मी मंडळाची सेक्रेटरी, कारण नागपूरला कॉलेज केलेली मी एकटीच. बाकी दचकण्यापलीकडे माझी लायकी नाही.

राज्यं नव्यानं आखली तेव्हा नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशातच राहिलो, आणि मी शिकवते त्या मुलींच्या शाळेतल्या गाण्याच्या जागेचा फॉर्म हिंदीत आला. ती जागा मंडळात गाणाऱ्या आमच्या इंदूताईला मिळायलाच हवी होती. नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती. नोकरी लागली तर इथंच राहील. नाही तर सासू येऊन घरकामाला परत नेणार.

मी आदरानं "इंदूबाई" लिहिलं. छिंदवाड्याच्या ऑफिसातले दुबेजी हळू आवाजात म्हणाले, "बहनजी, गानेवाली के नाम में बाई? लोग कुछ और समझेंगे. देवी लिखिए."

आमच्याकडे बाई म्हणजे शाळेतल्या बाई. त्यांच्याकडे गाणारी बाई म्हणजे कोठ्यावरची, हे तेव्हा कळलं. मी देवी लिहिलं.

मंडळातल्या शांताकाकू म्हणाल्या, "बरं झालं. आता सासू न्याले आली का पहिले देवीच्या पाया पडन, मंग भांडे घासाले लावन."

*

नोकरीच्या परीक्षेला येणारे साहेब इंदूताईला इतिहासही विचारतील, म्हणून मी "संगीतात स्त्रियांचे स्थान" यावर टिपणं काढली आणि मंडळात वाचून दाखवली. गुरू पुरुष, घराणी पुरुषांची, ग्रंथ पुरुषांचे. बायका सापडल्या त्या शेवटच्या "इत्यादी"त.

शांताकाकू वाती वळत होत्या. "काय व, पहिला पाळणा कोणं म्हटला? बापानं?"

मी टिपणं चाळली. नव्हतं.

"आन् जात्यावर? हळदीत?"

"पण काकू, ते संगीतात येतं का?"

"ते नाही येत, तं तुह्या संगीतात येते कोण?"

मी समासात प्रश्नचिन्ह काढलं. ते अजून तिथंच आहे.

*

आमच्या मंडळात तबला वाजवते मंजुळा. माजघरात, दार लोटून, कारण सासरे ओसरीवर असतात. एकदा हात जरा जोरात पडला.

"तबला कोण वाजवून राहिलं?" बाहेरून आवाज आला. माझ्या हातातली वही पडली.

"रेडिओ आहे, मामंजी," मंजुळा म्हणाली.

त्यांच्या घरात रेडिओ नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारभर आम्ही गपगार बसून. शेवटी सासरेच म्हणाले, "कालचा रेडिओ चांगला होता. आज काहून बंद आहे?"

त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, याचा मी आजपर्यंत विचार करून राहिले आहे.

*

परीक्षेच्या तोंडावर मंडळाच्या पेटीचा भाता फाटला. आता हार्मोनियमशिवाय इंदूताई गाणार कशी? शांताकाकूंचे यजमान पांढुर्ण्याला संत्र्यांचा व्यापार करतात, आणि त्यांच्या शेजारच्या भजनी मंडळाकडे पेटी होती. इंदूताईची गाण्याची पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीतल्या दुसऱ्या काळ्या सुराची. मी बसवाल्याच्या हाती काकांना चिठ्ठी धाडली: "परीक्षेसाठी एक पेटी पाठवा. काळी दोन नीट तपासून."

परीक्षेच्या सकाळी बसच्या टपावरून पेटी उतरली. उघडली, तर संत्री. वर काकांची चिठ्ठी: "पूर्ण पेटी तपासली. काळी दोन कशाला, एकही काळं निघणार नाही."

मी संत्री तळापर्यंत उपसून पाहिली. शांताकाकूंनी एक संत्रं सोललं, फोड तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "सुरात आहे."

*

त्याच सकाळी इंदूताईची सासू शाळेत येऊन थडकली. वर्गाबाहेरच्या ओसरीवर गाठोडं टेकवून मला म्हणाली, "आमच्या घरच्या बाया गात नाहीत, बाई. दुपारच्या मोटारीनं मी इले घेऊन जातो."

साहेब आले, खुर्चीवर बसले. "पेटी नहीं है? कोई बात नहीं. आप एक पंक्ति गाइए, लड़कियाँ पीछे गाएँगी. देखें, कक्षा सँभलती है या नहीं."

इंदूताईनं भुलाबाईचं, शरदात पोरी घरोघर म्हणत फिरतात ते गाणं घेतलं. इथल्या पोरींना ते शिकवावं लागत नाही. तिनं पहिली ओळ म्हटली.

वर्ग गप्प.

पुन्हा तीच ओळ. एकीचेही ओठ हलेनात. तेव्हा मला आठवलं, प्रार्थनेनंतर मीच बजावलं होतं, "साहेब जाईपर्यंत तोंडातून आवाज निघाला, तर माझ्याशी गाठ आहे." मी साहेबांच्या मागून हातवारे केले. पोरींनी ओठ आणखी घट्ट मिटले.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

इंदूताईनं तिसऱ्यांदा ओळ उचलली. शेवटच्या अक्षरावर ती थांबली आणि पोरींकडे बघत राहिली.

आणि बाहेर ओसरीवर, गाठोड्याला टेकून बसलेल्या सासूनं, घोगऱ्या आवाजात पण नेमक्या इंदूताईच्याच पट्टीत, पुढची ओळ म्हटली.