खालच्या आळीची चाल

निजामाच्या अमलातली गोष्ट. आष्टीच्या बाजारात भिवराबाई नुसती चालत आली, तरी लोक तिची आळी ओळखत. खालच्या आळीत निम्मी माणसं लंगडी. दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी पायातून नारू निघे. दोऱ्यासारखा तो किडा रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळायचा. तुटला, की पाय सडून जन्माचा आखडे. वरची आळी म्हणे, खालच्यांचं रक्तच तसलं. वा रे रक्त! आणि खालच्यांनाही ते पटलेलं. नवी सून लंगडली, की बाया हसून म्हणत, "आता घरची झाली!"

माझं डोकं फिरतं ते या हसण्यानं. भिवराबाईला मात्र प्रश्न पडला. तिची सून शिवकन्या धर्मापुरीची, नुकतीच आलेली, सरळ पायांची. वडवणीला दिलेली नणंद साखराबाई माहेरी आली, तेव्हा भिवराबाईनं तिला धरलं.

"वन्सं, तुमी याच रक्ताच्या. तुमच्या एका पोराला नारू न्हाई. मी परक्या रक्ताची, तर माझा पाय गेला. कावून?"

"आमी आडातनं शेंदून पितो, बाई. तुमच्यावानी बारवेच्या पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून न्हाई भरत."

गावात आड एकच, वरच्या आळीत, मोहनराव पाटलांचा. भिवराबाई घागर घेऊन तिथं गेली.

"कावून गं, बारव आटली का?"

"न्हाई, पाटील. भरलीय. नारूनं."

पाटील हसले. "ने एक घागर. सुनेपुरती."

त्या घागरीला भिवराबाईनं स्वतः तोंड लावलं नाही. "राणीसायबांचं पाणी आलं!" म्हणून आळी चिडवायची. दोन उन्हाळे गेले. शिवकन्येचे पाय स्वच्छ. सासूच्या मात्र दुसऱ्याही पायातून नारू निघाला. तेव्हा बाया हसायच्या थांबल्या आणि घागरी घेऊन आडावर गेल्या. शिवकन्येच्या खांद्यावर हात टाकून भिवराबाई पुढं.

"मी सुनेपुरतं म्हणलतो!" पाटील कडाडले.

"मग या कोण हायेत? समद्या कुणाच्या ना कुणाच्या सुनाच की!"

आडावरची माणसं फस्सकन हसली. पाटलांना आडाचा दोर बायांच्या हाती द्यावा लागला.

पुढच्या उन्हाळ्यातही काहींना नारू निघाला, आधीच पोटात गेलेला. मग निघायचा थांबला. भिवराबाईचे पाय आखडलेलेच राहिले. ती दारात बसून शिवकन्येला आडाकडे जाताना बघे. सून वळली, की ओरडे, "मागं काय बघतीस? चाल की. मला बघू दे."