अडचण: काही नाही

"सोळा दिवस घरी आहेस. ऑफिसातल्या एकाचा तरी फोन आला का तुला?" नवरा आईच्या गोळ्या मोजत म्हणाला. "आणि तू म्हणतेस, माझ्यावाचून त्यांचं अडतं."

"कामात असतील."

"मग सोड की नोकरी. आईजवळ दिवसभर माणूस हवं."

"मला विचारलंय का कुणी?" पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. खुबा मोडला होता, जीभ शाबूत होती.

वीस वर्षं ती इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत आली होती. ऑफिसात तिला चाळणी म्हणत. तिची मुदत कधी चुकली नव्हती. सगळे घरून काम करायला लागल्यावर सकाळची लांबलचक मीटिंग बंद करून तिनेच ग्रुपवर बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारा प्रोग्रॅम, बसवला. दहा वाजता तो प्रत्येकाला विचारी: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. उत्तर आलं नाही तर कामांची यादी बघून त्या माणसाच्या नावाने स्वतःच लिहून टाकी. मुदत उलटलेलं काम झालं असं धरी. हा नियमही तिचाच.

नवऱ्याचं तोंड बंद करायला तिने लॅपटॉप उघडला. सासूबाई पडल्या त्या सकाळी 'आज येत नाही, घरी अडचण आहे' एवढं तिने ग्रुपवर टाकलं होतं. खाली बॉटचं 'नोंद घेतली'. आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव रोज हजर. 'काल: तपासणी. आज: तपासणी. अडचण: काही नाही.' त्यावर पाच-सहा अंगठे. एकाने तर लिहिलं होतं, 'चाळणी, तुझा झपाटा बघून लाज वाटते.'

अकराव्या दिवशी: 'औषधांच्या वेळा सांगणारं अ‍ॅप. तपासणी पूर्ण.'

ते तिने उघडलंसुद्धा नव्हतं. सोमवारी ते पेशंटच्या फोनवर जाणार होतं.

नवरा खांद्यावरून वाकून वाचत होता. आधी हसला, मग हसायचा थांबला.

"म्हणजे त्यांचं खरंच अडलं नाही."

"अडायला हवं होतं," ती म्हणाली.

तिने ग्रुपवर लिहिलं, 'मी सोळा दिवस इथे नव्हते. औषधांचं अ‍ॅप तपासलेलं नाही. थांबवा.'

क्षणात उत्तर आलं. 'नोंद घेतली.' खाली एक अंगठा उमटला.

मग तिने टीमप्रमुखाला फोन लावला.

"पण तू तर रोज..." तो एवढंच म्हणाला.

"तो बॉट होता. सोमवारचं रद्द कर."

"केलं," तो म्हणाला.

फोन ठेवून तिने बॉट बंद केला आणि दोघांकडे वळली.

"नोकरी सोडत नाही. सोमवारपासून ऑफिसात जाऊन बसणार आहे, नसले तर कळेल तरी. आईंची सकाळ तुझ्याकडे, दुपारी मी परत येईन."