मेणातला इगिएबोर

"शिंगाला उसना श्वास चालत नाही," असं इगिएबोर नेहमी म्हणायचा. म्हणताना छाती अशी फुगायची, की गळ्यातली पोवळ्यांची माळ हलायची. त्याचा तोरा त्याला शोभायचाही. हस्तिदंताचं ते शिंग आमच्या राजानं, ओबानं, त्याच्या पणजोबाला दिलेलं. लढाईत सेनापतीच्या पाठीशी उभं राहून ते त्याच घराण्यानं फुंकायचं. दुसऱ्या कुणी ओठ लावला, तर त्याचं अख्खं घर राजवाड्याच्या सेवेतून उठायचं. शिंग वाजतंय तोवर सेनापती उभा आहे, असं सैन्य समजायचं. ते थांबलं की माणसं पळत सुटायची.

उत्तरेच्या लढाईत, नदीकाठी, शिंग थांबलं नाही. आम्ही जिंकलो. ओबानं हुकूम दिला, हा विजय पितळेत ओतून वाड्याच्या खांबावर लावा. मधोमध सेनापती आणि शेजारी शिंग फुंकणारा इगिएबोर.

आम्ही एदो नगरातले ओतारी. आधी मेणात घडवायचं, त्यावर माती चढवायची, मेण वितळवून काढायचं आणि उरलेल्या पोकळीत पितळ ओतायचं. मेण आहे तोवर नखानंही नाक बदलतं. पितळ झालं की नातवंडांनाही ते बदलता येत नाही.

माती चढवायच्या दिवशी सकाळीच इगिएबोर आमच्या कामाच्या छपराखाली आला. मी माती मळत होतो. आमचे मुख्य ओतारी इदेहेनकाका, त्यांनी पाहुण्याला द्यायचा कोला, ती कडवट बी, फोडून पुढं केला. त्यानं घेतला नाही.

"काका, मला यातून काढा."

"का रे? गाल फार फुगवले का मी?" काका हसले. "ओबांनी मेण पाहून मान डोलावलीय, बाबा. आता मलाही त्याला नख लावता येत नाही."

"मी फुंकलंच नाही शिंग."

जमिनीकडे बघतच तो बोलला. बाण यायला लागले तेव्हा शिंग टाकून तो लव्हाळ्यात पालथा पडला होता, तोंड चिखलात खुपसून. शिंग उचललं उवाइफोनं. उवाइफो त्याचा मेव्हणा, सेनापतीची ढाल धरणारा. विषारी बाण लागून कोसळेपर्यंत तो फुंकत राहिला. तोवर शत्रू पळू लागला होता; कोण फुंकतंय हे त्या गर्दीत कुणी पाहिलं नव्हतं, आणि शिंग पुन्हा इगिएबोरच्या हाती आलं.

"माझ्या जागी त्याला उभा करा, काका."

"गप्प बस, दादा!"

दारात ओमोसेदे उभी होती. उवाइफोची विधवा, इगिएबोरची धाकटी बहीण. भावाच्या मागोमाग आली होती.

"तुला ठाऊक होतं, पोरी?" काकांनी विचारलं.

"परवा माझ्या अंगणात रडत सांगितलं यानं. वाटलं, रडून भागेल याचं." ती भावाकडे वळली. "उद्या वाड्यावर विचारतील, परक्या घराच्या शिंगाला उवाइफोनं ओठ का लावला? माझ्या लेकरांच्या हातची ढाल जाईल. त्याचं मरण गुन्हा ठरेल."

"पण हे मेणातलं खोटं आहे गं."

"तुला हलकं व्हायचंय. म्हणून तुझं ओझं माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर ठेवतोस?"

"लोक वाटेत वाकतात मला, ओमोसेदे."

"वाकू देत. तू ताठ उभा राहा. तेवढं तरी कर त्याच्यासाठी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पातळ माती ओंजळीत घेतली. इगिएबोरचा हात पुढं आला आणि मेणातल्या स्वतःच्या तोंडावर येऊन थबकला. एक बोट दाबलं असतं तर पुरलं असतं. त्याला कुणी अडवलं नाही. हात आपोआप खाली गेला.

माती आधी सेनापतीवर चढवायची, ही आमची रीत. त्या दिवशी मी आधी इगिएबोरचा चेहरा झाकला. जिवंत चेहऱ्याकडे मला बघवेना, आणि मेणाच्याही.

वाड्याकडून नगारा झाला. ओबांची स्वारी निघायची होती, शिंग लागणार होतं. इगिएबोर बाहेर पडला. गल्लीत कंद कांडणाऱ्या बायकांनी मुसळं खाली ठेवली, म्हाताऱ्यांनी गुडघा टेकला. "नदीकाठचा बिबळ्या आला!" कुणीतरी कौतुकानं ओरडलं. तो भिंतीला अंग घासत चालत राहिला. ओमोसेदे खांबाला धरून बघत होती, आणि तिच्यामागे मी, बोटांवर माती वाळत चाललेली. काका बाहेर आलेच नाहीत.