सासूचा खडक आणि कमी पडलेला एक तास

आमच्या कॉकल पॉइंटमध्ये सध्या अशी वदंता आहे, की शाळेची बस चालवणाऱ्या डोरीन पॅस्कोने आपल्या सख्ख्या भावाला भर भरतीत गाडीत सोडलं, वर त्याच्या कुबड्या काढून घेतल्या आणि एकटीच चालती झाली. कशासाठी? तर म्हणे त्याच्या घरासाठी.

ही बातमी कीथ ड्रॅबलची. कीथ कड्यावर खुर्ची टाकून देवमासे मोजतो. देवमाशांचा हंगाम नसला तर माणसं मोजतो. "पाहिलं ना मी! ह्या, ह्या दोन डोळ्यांनी!" असं म्हणत तो गळ्यातली दुर्बीण छातीवर आपटतो, म्हणजे झाले चार डोळे.

तर यातली गाडी खरी. भरती खरी. कुबड्याही खऱ्या, आणि त्या तिने काढून घेतल्या हेही खरं. बाकीचा माल कीथचा. रेगचं घर म्हणजे पत्र्याची दीड खोली आणि मागे फुटकी होडी. त्यासाठी कोणी उंदीरही मारणार नाही. मी हा सगळा किस्सा डोरीनकडून आणि रेगकडून वेगवेगळा इतक्यांदा ऐकलाय की दोघांच्या आवाजात पाठ झालाय. रेग बोलतो ते दाढेत वाळू अडकल्यासारखं, अर्धं वाक्य चावून. डोरीन बसच्या बाहेरही बसच्या आरशात बघितल्यासारखी बोलते. आपण काही केलं नसलं तरी हात आपोआप मांडीवर जातात.

डोरीन त्रेसष्ट वर्षांची. सव्वीस वर्षं बस चालवते आणि सव्वीस वर्षांत एकदाही उशीर नाही. रेग तिच्याहून सात वर्षांनी मोठा, चाळीस वर्षं मासेमारी केलेला. त्याचा एकच अभिमान: "भरतीचं कोष्टक भिंतीवर लावतात ते पर्यटक. मला वासावरून कळतं."

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, न्यूकॅसलला रेगचा खुबा बदलला. विमानात बसायला तो तयार नव्हता, आणि डॉक्टरांनी सांगितलं, न्यायचंच तर थांबत थांबत न्या, पाय मोकळा करत. म्हणून डोरीनने आपली जुनी लँडक्रूझर काढली आणि भावाला समुद्राकाठच्या रस्त्याने चार दिवसांत घरी आणायचं ठरवलं. तीन दिवस भांडणात मजेत गेले. चौथ्या दिवशी सकाळी बॅलिनाहून निघाले, तेव्हा शेवटचा टप्पा तेवढा अवघड होता: आमच्या गावाला सरळ रस्ताच नाही. पावसाने आतली वाट वाहून गेल्यापासून नदी फेरीबोटीने ओलांडायची आणि पस्तीस किलोमीटर किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून यायचं. शेवटी कड्याला लागून एक खडक आहे, पाय पसरून बसलेला. त्याला आम्ही सासू म्हणतो. ओहोटीपासून दोन तास सासू वाट देते, मग देत नाही. त्या दिवशी ओहोटी होती एक चाळीसला. म्हणजे तीन चाळीसच्या आत पलीकडे.

डोरीनने हे कोष्टकात तीनदा बघितलं होतं. चूक कोष्टकाची नव्हती.

उन्हाळ्यात दक्षिणेकडची, न्यू साउथ वेल्सची मंडळी घड्याळ तासभर पुढे ठेवतात. आम्ही ठेवत नाही; आमच्या गाईंना सोसत नाही म्हणे. म्हणून उत्तरेला घरी येणारा प्रत्येक माणूस ट्वीडला राज्याची सीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे करतो. हे इतकं अंगवळणी पडलंय, की गाडीतून उतरताना दार लावावं तसं. कोणी बोलून दाखवत नाही. ट्वीडच्या पेट्रोलपंपावर रेग कुबड्या टेकत संडासाला गेला, तेव्हा डोरीनने डॅशबोर्डवर चिकटवलेलं घड्याळ एक तास मागे केलं. मग ती मीट पाय, म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्र्या, आणायला गेली. रेग परत येऊन बसला, घड्याळाकडे पाहिलं आणि त्याने ते एक तास मागे केलं.

रेगचं मनगटी घड्याळ दवाखान्यातून आणलेल्या पिशवीत तळाशी होतं. डोरीन घड्याळ घालतच नाही. तिच्या मते ते बसच्या स्टिअरिंगवर आपटतं. मोबाईल नावाची चीज अजून आमच्या किनाऱ्याला लागलेली नाही.

फेरीवर आले तेव्हा गाडीतल्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. खरे वाजले होते तीन पाच. फेरी चालवणारा स्पड नाकातून बोलतो आणि वाक्य कधी पुरं करत नाही.

"आज... म्हणजे जाताय... जाणारच का?"

"नाही रे, उडत जातो," रेग म्हणाला. "खुब्यात इंजिन बसवून दिलंय."

"नाही, आपलं... सासू म्हणजे तशी... तुम्हाला काय सांगायचं म्हणा..."

"चाळीस वर्षं!" रेगने चार बोटं दाखवली. स्पड गप्प बसला. चाळीस वर्षांपुढे आमच्याकडे सगळेच गप्प बसतात.

पलीकडे उतरून डोरीनने वाळूत रुतू नये म्हणून चारी चाकांतली हवा उतरवली आणि गाडी वाळूवर घातली. घड्याळात दोन वीस. हाताशी चांगला सव्वा तास, असं तिने मनात म्हटलं.

पहिले काही किलोमीटर समोरून गाड्या येत राहिल्या. प्रत्येक गाडी दिवे लुकलुकवत होती.

"आज काय सगळ्यांना माया आलीय गं," रेग म्हणाला आणि खिडकीतून दोन बोटं हलवत राहिला.

मग समोरून गाड्या येणं थांबलं. गळ टाकून बसणारी माणसंही दिसेनात. उजवीकडे समुद्र होता, डावीकडे वाळूच्या टेकड्या. पण मागच्या महिन्याच्या वादळाने त्या तासून काढल्या होत्या, दोन पुरुष उंचीच्या सरळ भिंतीसारख्या. ती भिंत आणि पाणी यांच्यामधला घट्ट वाळूचा पट्टा आधी चार गाड्यांएवढा होता. आता दोन गाड्यांएवढा. डोरीनला कळत होतं की काहीतरी बिनसलंय. पण घड्याळ म्हणत होतं दोन पंचावन्न, आणि सव्वीस वर्षं ती घड्याळावर विश्वास ठेवून जगली होती.

"पाणी लवकर चढतंय का रे?"

"वारा पूर्वेचा आहे. लोटतोय."

"वासावरून सांग ना मग."

"मला चार दिवस फक्त तुझ्या मीट पायचा वास येतोय."

तिने रेडिओ लावला. खरखर झाली आणि बाई बोलली: चार वाजले आहेत, बातम्या.

घड्याळात तीन.

"न्यू साउथ वेल्सचं स्टेशन आहे ते," रेग घाईघाईने म्हणाला. "त्यांचे चार म्हणजे आपले तीन."

डोरीनने आवाज वाढवला. बातम्या संपल्या. हवामान सुरू झालं. जिम्पीत बत्तीस अंश, मेरीबरोला दुपारनंतर सरी.

"रेग, आपलं जिम्पी न्यू साउथ वेल्समध्ये कधी गेलं?"

रेगने रेडिओकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"ट्वीडला तू ह्याला हात लावलास?" तिने विचारलं.

"तू लावलास?"

डोरीनने स्टिअरिंगवर दोन बोटं आपटली: एक तास तिचा, एक त्याचा. 

सासू तीन किलोमीटर पुढे होती आणि तिची वेळ वीस मिनिटांपूर्वी संपली होती. मागे फेरी बत्तीस किलोमीटर, आणि मघाशी जिथून आले तिथे आता भिंतीच्या पायाशी फेस होता. धडधाकट माणूस अशा वेळी गाडी सोडतो, वाळूत हातपाय रोवत वर चढतो आणि वरून गाडी बुडताना बघतो. डोरीन चढली असती. रेगला बाथटबमध्ये पाय टाकायचीही मनाई होती.

"तू चढ वर," रेग म्हणाला. "मी बसतो इथे. मला पोहता येतं."

"नव्या खुब्याने?"

"तो बुडेल. बाकीचा मी तरंगेन."

"तोंड बंद ठेव, पाणी जाईल," डोरीन म्हणाली आणि तिने गाडी पुढे काढली.

सासू नेहमीपेक्षा बुटकी दिसत होती, कारण ती कमरेपर्यंत पाण्यात होती. खडक आणि कडा यांच्यामध्ये एका बसच्या रुंदीची फट आहे. लाट आली की फटीत पाणी घुसायचं, कड्यावर आपटून घुसळायचं आणि ओढत मागे जायचं. मागे गेलं की तळाची वाळू दिसायची, पण सगळी नाही. मध्ये कुठेतरी पाणी साचून राहत होतं. म्हणजे खड्डा होता.

"घाल! बघत काय बसलीस? जोरात घाल!" रेग ओरडला.

डोरीनने इंजिन चालू ठेवून ब्रेक ओढला, मागच्या सीटवरून कुबडी उचलली आणि दार उघडलं.

"अगं, माझी कुबडी!"

"तुला आत्ता कुठे नाचायचंय?"

मांडीभर पाण्यात ती कुबडी टोचत टोचत गेली. कड्याच्या बाजूला टोचली, घट्ट. मध्ये टोचली आणि कुबडी काखेच्या टोकापर्यंत आत गेली, डोरीनही तिच्यामागे जाता जाता राहिली. लाट आली तशी ती खडकाला पाठ लावून उभी राहिली. मग परत आली, नखशिखांत भिजलेली, आणि तिने दुसरी कुबडीही उचलली. हेच ते दृश्य, जे वर कड्यावर कीथने दुर्बिणीतून पाहिलं. दोन्ही घेऊन ती पुन्हा गेली, एकीने तळ टोचत, आणि दुसरी खड्ड्याच्या काठावर, कड्याच्या बाजूने, खोल रोवून आली. डावीकडून जायचं, एवढं कळावं म्हणून. हे बघायला कीथ थांबला नाही. तो फोन करायला धावला होता.

ती गाडीत बसली तेव्हा चाकं अर्धी पाण्यात होती. 

"लाटा तीन मोठ्या येतात, मग थोडा दम घेतात," ती म्हणाली. "पण माझी नजर फटीवर हवी, बाहेर बघता येणार नाही. तू बघ. तू सांगशील तेव्हा सोडते."

रेग तिच्याकडे पाहत राहिला. "मी सांगू? आज?"

"मग काय स्पडला विचारू? पुढच्या आठवड्यापर्यंत वाक्य संपेल त्याचं."

रेगने मान वळवली आणि पार लांबवर, जिथे लाट अजून लाट झालेली नसते, तिथे डोळे लावले. एक लाट आली, गाडी हलली. डोरीनने क्लच दाबून धरला.

"आता नाही."

दुसरी आली. पाणी दाराच्या फटीतून आत आलं. तिसरी काचेवर फुटली आणि ओसरली. डोरीनने गिअर टाकला.

"आता नाही! मागे अजून एक आहे. थांब!"

तिला चौथी लाट कुठेच दिसत नव्हती. वाळू उघडी पडली होती, वाट समोर होती, आणि ज्याने सकाळी घड्याळाचा घोळ घातला तो माणूस थांब म्हणत होता. ती थांबली. चौथी लाट आली ती तिघींहून मोठी. फटीतून उसळून कड्यावर इतकी उंच गेली, की खाली पडताना टपावर दगडांचा आवाज झाला.

"आता! जा, जा, जा, डोरी!"

लहानपणानंतर त्याने तिला डोरी म्हटलेलं नव्हतं. तिने क्लच सोडला. दुसऱ्या गिअरमध्ये, धावत नाही आणि थांबत नाही, कुबडी उजवीकडे ठेवून, डावा आरसा कड्याला खरवडत. मध्यावर इंजिन खोकलं. रेगने डॅशबोर्डला दोन थापा मारल्या. इंजिन पुन्हा खोकलं आणि चाललं. मागून पाणी आलं, गाडीची शेपटी उचलली, कुबडी मोडून गेली, आणि पुढची चाकं पलीकडच्या कोरड्या वाळूला लागली.

चढावर डोरीनने गाडी थांबवली.  पायाशी पाण्यात मीट पायचे रिकामे खोके तरंगत होते.

"किती वाजले?" रेगने विचारलं.

डोरीनने घड्याळ उचकटलं, काच खाली केली आणि ते सासूला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती नळी घेऊन गाडीखालचं मीठ धूत होती तेव्हा मी गेले. कीथची बातमी तोवर गावभर झाली होती. मी तिला कीथ करून दाखवला. ती हसली, पण अर्धीच.

"रेग सांगेल लोकांना," ती म्हणाली.

"छे! घड्याळ आपण फिरवलं, भरती आपल्याला कळली नाही, हे रेग? चारचौघांत?" मी म्हटलं. "चाळीस वर्षं!" आणि चार बोटं दाखवली, अगदी त्याच्यासारखी.

"लाव पैज."

लावली. मी जिंकले तर बसच्या माइकवर एक अख्खी फेरी मी डोरीन होणार. हरले तर पूर्ण सत्रभर बसखालचं मीठ मी धुणार.

शनिवारी बोलिंग क्लबमध्ये मटणाच्या तबकाची सोडत होती, म्हणजे सगळं गाव हजर. कीथ "ह्या दोन डोळ्यांनी"पर्यंत आला होता. तेवढ्यात रेग उठला, एका कुबडीवर आणि एका झाडूच्या दांड्यावर. 

"घड्याळ मी मागे केलं," तो म्हणाला. "ट्वीडला. मग विसरलो, आणि परत मागे केलं. दोन्ही वेळा मीच. पाणी चढलेलं मला समोर दिसत होतं, तरी कळलं नाही. हिने हात लावला नाही कशाला. कुबड्या नेल्या म्हणून मी इथे उभाय. आता तो नंबर पुकारा."

दोन्ही वेळा! मी डोरीनकडे पाहिलं. तिने ते खोडून काढलं नाही. ती टेबलावरच्या ग्लासकडे बघत होती. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, बसच्या आरशातून बघते तसं.

सोमवारी शाळा सुरू झाली. नळी आखूड आहे. मागच्या चाकांपर्यंत पोचत नाही, तिथे बादली लागते.