मुकीचा आवाज

मी तसा कमी बोलणारा माणूस. चार माणसांत बसलो तरी चहा पिऊन गुपचूप उठतो. पण प्रज्ञाच्या लग्नाच्या आठवड्यात मी जो घोळ घातला, तो ऐकल्याशिवाय आज तुम्हाला उठू देणार नाही. बसा. चहा ठेवायला सांगितलाय.

प्रज्ञा म्हणजे माझी नात. आणि मुकी म्हणजे माझी गाडी.

गाडी माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. खडकीत एका बंगल्यामागे चिंचेखाली पडून होती. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची! मी तेव्हा कारखान्यात प्रेसच्या मशीनवर होतो. शिक्षण सातवीपर्यंत, पण हाताला लोखंड कळायचं. भंगारवाल्याच्या आधी पोचलो, कोंबडीची माफी मागितली, आणि गाडी ढकलत घरी आणली. दोन वर्षं दर रविवारी तिच्याखाली झोपून तिला चालती केली.

आणि चालती झाली ती अशी, की आवाजच नाही! पाण्यावरून पान जावं तशी जायची. म्हणून तिचं नाव ठेवलं मुकी.

कॉलनीला तिचं काय कौतुक म्हणून सांगू! सकाळी मुकी बाहेर काढली की गॅलरीगॅलरीत माणसं उभी. कट्ट्यावरची पोरं तर सलाम ठोकायची, तोही दोन्ही हातांनी! मीही एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्याने उलटा सलाम करायचो. सिग्नलला स्कूटरवाले मोबाइल काढून शूटिंग करायचे. आणि माझी बायको सुमन मागच्या सीटवर डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत गाणं गुणगुणत बसायची. चाळीस वर्षांत गाडीबद्दल तिने एक तक्रार केली नाही. निदान मी तरी ऐकली नाही.

तर प्रज्ञाचं लग्न ठरलं. हॉल येरवड्याला. तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मला ती फुलं लावलेली भाड्याची गाडी नको. मी मुकीतूनच जाणार, आणि चालवणार आजोबा."

मी उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

लग्न म्हणजे घराची रंगरंगोटी आलीच. मुलाने त्यात माझीही डागडुजी करून घेतली. नवा कोट शिवला, कवळी घट्ट केली, आणि रविवारी उजव्या कानामागे ते मशीन बसवलं.

"बाबा, लग्नात लोक तुमच्याशी बोलतील."

"मी कुठे बोलतो? मग ऐकून काय करू?"

पण घेतलं बसवून. पुढच्याच रविवारी लग्न होतं, वाद कशाला?

सोमवारी सकाळी मुकीला किल्ली लावली, आणि ऐकतो तर काय!

खडखड! खाडखाड! पुढून कुईंऽऽ, मागून टणटण, आणि मध्येच कुणीतरी डब्यात खिळे घालून हलवतंय असा आवाज! गेटपर्यंत नेली आणि तशीच परत आणली. सहा दिवसांवर लग्न! डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. होळकर पुलावर गाडी बंद, आत नवरी रडतेय, मागे अर्ध्या पुण्याचे हॉर्न, आणि मी नव्या कोटात गाडीखाली!

"अगं सुमन, मुकी गेली!"

"कुठे?"

"गेली म्हणजे बिघडली! ऐक जरा."

तिने दारातूनच ऐकलं. "नेहमीसारखीच आहे की."

"तुला इंजिनातलं काय कळतं?"

"नाही कळत," असं म्हणून ती मेथी निवडायला आत गेली.

मग वाघोलीहून बाळू मिस्त्रीला बोलावलं. वीस वर्षं मुकीला हात लावणारा माझ्याशिवाय तोच एक. त्याने बॉनेट उघडलं, वाकला, ऐकलं, बंद केलं.

"काका, गाडी ठीक हाय."

"अरे, ठीक कशी? मग हा खडखडाट?"

"त्यो हायच की."

"हायच की म्हणजे काय?"

"म्हंजे... हाय."

मला त्याची दया आली. पन्नाशी उलटलेली, सगळा जन्म ग्राइंडरच्या आवाजात गेलेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, "बाळू, राग मानू नकोस. एकदा कान तपासून घे. त्यात लाजायचं नसतं. मी बघ, कालच मशीन बसवलं."

बाळूने माझ्याकडे पाहिलं. मग मशीनकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. शेवटी "येतो काका" म्हणून निघून गेला. लागलं असेल बिचाऱ्याच्या मनाला, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

मग मीच पान्हे काढले. मंगळवारी इंजिनाचे टॅपेट लावले. आवाज तसाच. बुधवारी पंख्याचा पट्टा बदलला, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस दिलं. तसाच! गुरुवारी सायलेन्सर उतरवला. शुक्रवारी चारही दारं काढली. लग्नासाठी धुऊन ठेवलेल्या चादरींवर अख्खी गाडी पसरली होती. नटबोल्ट ठेवायला बश्या घेतल्या, तर नागपूरहून आलेल्या साडूंनी फरसाण समजून चिमूटभर स्क्रू उचलले!

वरच्या मजल्यावरचा गायकवाड जिना उतरताना थांबला.

"जय भीम, काका. चार दिवस गाडी काढली नाहीत का? मला रोज ऑफिसला उशीर होतोय."

"माझ्या गाडीचा आणि तुझ्या ऑफिसचा काय संबंध?"

तो नुसता हसला. आजकालची मुलं, म्हटलं, कशालाही हसतात.

शनिवारी सगळं परत जोडलं. किल्ली फिरवली. खडखड! खाडखाड! कुईंऽऽ!

मी पायरीवरच बसलो. चिंचेखालून उचलून आणलेली ही गाडी, आणि नेमक्या याच दिवशी हिने मान टाकावी? शेवटी प्रज्ञाला हाक मारली. हातांवरची ओली मेंदी सांभाळत ती बाहेर आली.

"बाळा, भाड्याची गाडी सांग. मुकीचं काही खरं नाही, आवाज जातच नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "दार उघडा, आजोबा. एक चक्कर मारू."

कॉलनीला फेरी मारली. ती हात वर धरून शेजारी बसली होती.

"कुठला आवाज?"

"हा काय! हा!"

"हा तर मुकीचा आवाज आहे." ती हसली. "मी शाळेत असताना तुम्ही बाजाराच्या कोपऱ्यावर असायचात, तेव्हाच अख्खा वर्ग ओरडायचा, प्रज्ञा, दप्तर भर, आजोबा आले! मला इतकं बरं वाटायचं."

"एवढ्या लांबून कसं दिसायचं गं?"

"दिसायचं नाही, आजोबा."

मी गाडी बाजूला घेतली.

"तुम्ही कानाचं मशीन कधी बसवलंत?" तिने विचारलं.

"रविवारी."

"आणि गाडी कधी बिघडली?"

"सोम..."

पुढचा 'वार' काही तोंडातून निघाला नाही.

"कॉलनीत हिला भोंगा म्हणतात," ती हळूच म्हणाली. "गायकवाडकाका हिच्या आवाजावर उठतात."

"आणि गॅलरीत येतात ते?"

"काय कोसळलं ते बघायला."

"आणि पोरांचा सलाम? तो तर दोन हातांनी करतात!"

मेंदीचे दोन्ही हात प्रज्ञाने कानांपाशी नेले, मेंदी पुसणार नाही इतक्या जवळ, आणि तसेच धरून ठेवले.

मला पहिल्यांदा आठवला तो बाळू. वाघोलीला फोन लावून म्हटलं, "बाळू, तुझे कान चांगले आहेत रे." तो म्हणाला, "म्हाईत हाय काका. लग्नाला येतो."

रविवारी नवा कोट घातला आणि मशीन काढून खिशात टाकायला गेलो. नवरी मागून म्हणाली, "नाही हं, आजोबा. रस्त्यावर हॉर्न ऐकू यायला हवेत." राहू दिलं कानात. निघालो तेव्हा सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. कट्ट्यावरच्या पोरांनी दोन्ही हात वर नेले. ते कशासाठी, हे आता मला माहीत होतं. तरी मी सलाम केलाच. एवढ्या वर्षांची सवय, मोडवत नाही.

होळकर पुलाच्या वळणावर मागून सुमनची बारीक गुणगुण ऐकू आली. म्हटलं, चला, एवढं एक तरी मिळालं! चाळीस वर्षांनी बायकोचं गाणं कानावर पडतंय. मी कान दिला.

ती त्रिसरण म्हणत होती, बुद्धं सरणं गच्छामि. वळण आलं की पहिल्यापासून, शेजारून मोठा ट्रक गेला की जरा भरभर.

"अगं, हे तू कधीपासून म्हणतेस?"

"गाडी आली तेव्हापासून. पुढे बघा."

पुढे बघितलं. येरवड्याचा सिग्नल लाल झाला, मी करकचून ब्रेक दाबला, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या ब्रेकचा आवाज ऐकला.

काही नाही. दुसऱ्या ओळीपासून मीही सुमनच्या मागून म्हणायला लागलो.