माझ्या वहीला दाजींनी दिलेलं पूट

रत्नागिरीला जायचं ठरलं ते लेकीशी झालेल्या भांडणातून. तसं आमचं भांडण महिन्यातून एकदा होतंच, पण या वेळी विषय माझ्या चित्रांचा होता आणि तो मला फार लागला.

आधी वहीचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी कोल्हापुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आयुष्यभर इमारतींचे आराखडे काढले. संगणक नंतर आला. त्याआधी ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन आणि चुकलेली रेघ खरवडायला ब्लेड. निवृत्त झाल्यावर लेकीनं एक जाड कागदाची वही आणि रंगांचा डबा आणून दिला. म्हणाली, "आई, यात रोज एक पान रंगव. मनात येईल ते, हाताला येईल तसं. छान दिसलंच पाहिजे असं काही नाही." ऐकायला किती सोपं! मी डोळे मिटून रेघ मारायची, डोळे उघडायची, आणि पान फाडायची. डाव्या हातानं फूल काढायची, फाडायची. बघता बघता वह्यांची नुसती पुठ्ठ्याची कव्हरं उरली.

"आई, तू चित्रं काढत नाहीस," लेक फोनवर म्हणाली, "तू फक्त कागद फाडतेस."

माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, "बरं. आता नवीन वही घेते. त्यातलं एक जरी पान फाडलं तर सगळे रंग सोसायटीतल्या बालवाडीला देऊन टाकीन आणि पुन्हा या भानगडीत पडणार नाही." मला वाटलं, नको गं आई, असं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "चालेल."

रागाच्या भरात शब्द देऊन बसले, पण रात्री उठून रंगांचा डबा उघडून बसले. निवृत्तीनंतर सकाळी उठून बसावंसं वाटेल असं माझ्याकडे ते एकच काम होतं. तेच गेलं तर दिवसभर करायचं काय? शेवटी विचार केला की जागा बदलून बघू. रत्नागिरीच्या अलीकडे पालीजवळ माझी मावसबहीण सुलूताई असते, तिला फोन केला. ती म्हणाली, "ये की गो! रातांब्यांचे दिवस आहेत, कामाला एक माणूस मिळेल मला." सुलूताई मूळची आमच्या कोल्हापूरचीच, पण लग्नानंतर तिच्या बोलण्यात तिकडचा हेल आला तो कायमचा.

कोल्हापूर–रत्नागिरी एसटी सकाळचीच धरा. मे महिना असेल तर हे अजिबात विसरू नका, दुपारच्या गाडीत माणूस भाजून निघतो. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, कारण सांगू नका. रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं असल्यानं मलकापूरपर्यंत धूळ खाल्ली. पुढे आंबा घाट सुरू झाला आणि खिडकीतून गार वारा आला, तेव्हा म्हटलं, चला, वही काढू. लेकीनं एक प्रयोग सांगितला होता: पेन कागदावर नुसतं टेकवायचं आणि हलवायचं नाही, जे काय हलेल ते हलू द्यायचं. घाटात याच्यासारखी गंमत नाही. प्रत्येक वळणाला पेन सुटायचं, ब्रेक लागला की तिथंच नाचायचं.

शेजारी साखरप्याला उतरणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय हो, बसचा ईसीजी काढताय का?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टर मागे वळून बघायला लागला. माझ्या आयुष्यातली पहिली मोकळी रेघ, आणि ती काढली कुणी, तर एसटीच्या ड्रायव्हरनं! ते पान मात्र फाडावंसं वाटलं नाही.

पालीच्या स्टॉपवर दाजी स्कूटर घेऊन हजर होते. दाजी म्हणजे सुलूताईचे यजमान. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजीच म्हणतात. जन्मभर बोटीवर नोकरी केली, सगळं जग बघून आले आणि आता घरच्या आमराईत रमलेत. चष्मा कायम कपाळावर. नाकावर कधी येतो ते देवाला माहीत.

"या मेव्हणीबाई! आमचं चित्र काढणार ना? पोट जरा कमी दाखवा."

बाजारापासून आत वळलं की तांबडी माती, जांभ्या दगडाच्या कुंपणाचे गडगे आणि काजूच्या बागा. सुलूताईचं घर साधंच, स्लॅबचं, पण पुढचं खळं काय सुंदर! आमच्याकडे अंगण म्हणतात, इथे खळं. सारवलेलं, लख्ख, आणि त्या दिवसांत अख्खं लालभडक, कारण सगळीकडे सुपं, पत्रे आणि ताडपत्र्यांवर रातांब्याची सालं वाळत टाकलेली. रातांबा म्हणजे कोकमाचं ओलं फळ. मी पायरीवर पिशवी टाकून नुसती बघत उभी राहिले. आमच्या आमटीत पडणारं ते काळं, सुरकुतलेलं आमसूल कधीकाळी असं लाल असतं, हे मला या वयात कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भाट्याला गेलो. पालीहून रत्नागिरीला गाड्या सारख्या मिळतात, पुढे रिक्षानं पूल ओलांडला की किनारा. जाणार असाल तर एकतर सकाळी लवकर जा नाहीतर उन्हं कलल्यावर. सुरूच्या बनात सावली आहे, बसायला जागा आहे, आणि लांबच लांब सपाट वाळू. समुद्र असा शांत होता की मला वाटलं, इथं नाही जमलं तर कुठंच नाही जमणार.

आणि तिथंच घोटाळा झाला. ब्रश डाव्या हातात धरला, समुद्राच्याच पाण्यात बुडवला, सगळं शास्त्रोक्त केलं. तासाभरानं बघते तर काय, क्षितिज पट्टीनं मारल्यासारखं सरळ, लाटा सारख्या अंतरावर, आणि सुरूची झाडं ओळीनं. समुद्रावर फुटा-इंचांची मापं टाकायची तेवढी बाकी होती. डावा हातसुद्धा आतून आराखडेच काढतो, हे बघून मला रडायलाच आलं. बोटं पानाच्या शिवणीपाशी गेली.

सुलूताईनं वही काढून घेतली. "चल, ऊठ. पोटात काही नसलं की तुझं डोकं फिरतं, लहानपणापासून बघत्येय मी. आधी जेव, मग काय फाडायचं ते फाड."

शहरात एका छोट्या खाणावळीत जेवलो. तळलेला बांगडा, तांदळाची भाकरी आणि वाटी परत परत भरून सोलकढी. नाव मुद्दाम लिहीत नाही. रिक्षावाल्याला "घरगुती मासे कुठे मिळतात" विचारा, तो बरोबर नेतो. जेवल्यावर जीव थंड झाला आणि पान वाचलं. पण मला कळून चुकलं होतं की ते नुसतं पुढे ढकललं गेलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मऊभात आणि मेतकूट खाऊन खळ्यात कामाला बसले. रातांबा फोडायचा, आतला गर आणि बिया वेगळ्या, साल वेगळी. गरात मीठ घातलं की रस सुटतो. सालं त्या रसात बुडवून उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. या एकेका वेळेला पूट म्हणतात. मी म्हटलं, "अगं, आम्ही रंगालाही पूटच म्हणतो." सुलूताई म्हणाली, "मग? दुसरं काय म्हणणार?" आणि पुढचा रातांबा फोडला.

बोटं लाल झाली तशी मला खुमखुमी आली. वाटीभर रस घेतला, वही आणली आणि रातांब्याचं झाड रातांब्याच्याच रसानं रंगवायला बसले. सुलूताईनं स्वयंपाकघरातून चिमूटभर खायचा सोडा आणून दिला. पाण्यात कालवून थेंब टाकला, तर लाल रंग डोळ्यांदेखत काळपट निळा झाला! मी ओरडलेच. हा प्रयोग घरी नक्की करून बघा, फक्त कागद जाड घ्या, पातळ कागदाचा लगदा होतो.

पण झाड? झाड झालं खांब. कोकमाचं झाड असतंही तसं निमुळतं, देखणं, पण माझं म्हणजे विजेचा खांब. दोन्ही बाजूंच्या फांद्या मोजून सारख्या. रंग एवढा जिवंत आणि त्याखाली ही मेलेली रेघ. आता मात्र राग आला नाही, ब्रश धुऊन बाजूला ठेवला. लेकीला मेसेज केला, "तू म्हणालीस तेच खरं. जेवून पान फाडते. बालवाडीत विचारून ठेव." तिचं उत्तर आलं, "बरं." बस, एवढंच.

ओलं पान लगेच फाडलं तर हात बरबटतील म्हणून वही तशीच उघडी, सुपांच्या ओळीत उन्हात ठेवली. वाऱ्यानं पान उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर रातांब्याची चार सालं ठेवली आणि जेवायला गेले. कुळथाचं पिठलं, भात, फणसाची भाजी. जेवले काय, घास ढकलले.

जरा आडवी झाले होते, तोवर खळ्यातून दाजींचा आवाज आला, "अगो, या सुपात सालं एवढीच कशी? चारच आहेत!"

मी धावत बाहेर. दाजी हातात रसाची करवंटी घेऊन उभे, चष्मा अर्थातच कपाळावर. सालं रसात बुडवायचा त्यांना कंटाळा, म्हणून करवंटीनं रस ओतत ओळीनं चालले होते. सगळ्या सुपांना पूट दिलं, आणि ओळीत आली म्हणून माझ्या वहीलाही दिलं. चांगली करवंटीभर.

"दाजी! वही आहे ती माझी!"

"आँ? लाल दिसली, वर सालं होती. मला काय ठाऊक, तुम्ही चित्र पण वाळत टाकता!"

"चष्मा डोळ्यांवर घालायला काय होतं हो तुम्हाला?" सुलूताई आतूनच कडाडली. "मेलं एक काम धड करत नाहीत. आणि बुडवायला सांगितलं होतं ना, ओतायला कुणी सांगितलं?"

दाजींचा चेहरा उतरला. वही उचलून माझ्यापुढे धरली. "चुकलं हो. खराब झालं ना सगळं?"

"जाऊ द्या," मी म्हटलं, "तसंही फाडायचंच होतं. बिघडलेलंच होतं ते."

सुलूताई हात पुसत बाहेर आली. तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बिघडलं कुठे? आत्ता तर पहिलं पूट बसलं. पहिल्या पुटाची सालं बघून मी फेकायला लागले तर या घरात एक आमसूल व्हायचं नाही गो. वाईच सुकू दे. मग बघ."

एरवी मी रागावून भांडले असते. पण मी तिथंच पायरीवर बसले आणि पान सुकताना बघत राहिले. असं मी कधी केलेलंच नव्हतं. ऑफिसात चुकलेली रेघ दिसली की ब्लेड, घरी चुकलेलं पान दिसलं की कचऱ्याची टोपली. चुकलेल्या गोष्टीवर पुन्हा काही घालायचं असतं, हे माझ्या हाताला कुणी शिकवलं नव्हतं. ऊन काम करत होतं. खांबाच्या कडा सुटल्या, फांद्या एकमेकींत पसरल्या, सोड्याचे निळे डाग लाल रसात ओघळले. मिठाचे बारीक कण वर चमकायला लागले. माझी सरळ रेघ शोधली, सापडली नाही.

मग मीच ब्रश घेतला. दुसरं पूट दिलं. दाजींनी, या वेळी चष्मा लावून, सोड्याचे थेंब टाकले. "हा आमचा हिंदी महासागर," म्हणाले. सुलूताईनं रसाचं बोट ओढलं. चहा गार झाला, कुणाला आठवण नव्हती. ते झाड आता झाड होतं, की खळ्यातलं ऊन होतं, की काय होतं, मला सांगता येणार नाही. पण मी ते बघून हसत होते, एवढं खरं.

संध्याकाळी लेकीला फोटो पाठवला. तिचा फोनच आला. "आई, हे तू काढलंस?"

"मी, दाजी, सुलूताई आणि ऊन," मी म्हटलं. "आणि ऐक, बालवाडीला नवीन रंग घेऊन देऊ. माझे देणार नाही."

ती आधी हसली. मग म्हणाली, "मी ते 'बरं' लिहिलं ना, तेव्हा रडत होते गं."

निघताना सुलूताईनं तयार आमसुलं, आगळाची बाटली आणि बरक्या फणसाची साटं, म्हणजे गराच्या वाळवलेल्या पोळ्या, बांधून दिली. आगळ म्हणजे तो खारवलेला रस. बाटलीचं तोंड घट्ट आवळा, घाटात सांडली तर कपड्यांचं काही खरं नाही. माझी थोडी सांडलीच.

परत येऊन आता बरेच दिवस झाले. खरं तेच लिहिते: पानाचा तो लाल रंग टिकला नाही. तपकिरीकडे झुकला, दमट हवेत मिठामुळे पान चिकट होतं आणि शेजारच्या पानाला धरून बसतं. भाट्याचा तो आराखडाही वहीत आहे, त्याच्या समुद्रावर आता त्या बाटलीतल्या आगळाची दोन पुटं चढलीत. काही पानं अजून मला आवडत नाहीत. ती मी सुकू देते.

काल जेवताना नवऱ्यानं आमटीचा भुरका मारला आणि विचारलं, "आज आमटी अशी का लागतेय? कोकम घालायला विसरलीस काय?"

मी म्हटलं, "विसरले नाही. वहीला लागलं ते."